सरासरीआडची मुले

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेचे दप्तर उघडले, की वर्षभरात काय काय झाले याचा हिशेब तारीखवार सापडतो. शाळापूर्व तयारी मेळावा झाला, वृक्षारोपण झाले, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन झाला, बालसभा झाल्या, आनंद बाजार भरला. प्रत्येकाचे फोटो आहेत, इतिवृत्त आहे, वर पाठवलेल्या अहवालाची प्रत आहे. संकलित चाचणीचे गुण आहेत आणि त्यावरून काढलेल्या श्रेणीही आहेत. यातले काही खोटे असते असे नाही. बहुतेक सगळे खरोखरच झालेले असते. पण तिसरीतल्या ज्या मुलीला जूनमध्ये जोडाक्षरे वाचता येत नव्हती तिला आता ती येतात का, आणि येत असतील तर नेमके काय केल्यामुळे येऊ लागली, हे त्याच दप्तरात शोधायला गेले तर सहसा हाती काही लागत नाही. शाळेने वर्षभर काय केले याची नोंद आहे, मुलांचे काय झाले याची नाही. शाळेच्या वार्षिक आढाव्याचे एकक एकेक मूल असले पाहिजे आणि आढाव्याची सुरुवात वर्गात सगळ्यांत मागे असलेल्या मुलांपासून झाली पाहिजे, असे मला वाटते. बोलायला हे सोपे आहे. पण आपला कायदा, आपले फॉर्म, आपल्या स्पर्धा आणि आपली बक्षिसे या सगळ्यांचा ओढा दुसरीकडे आहे, म्हणून ते सविस्तर मांडावे लागते.

कायद्यापासूनच पाहू. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समिती आणली आणि कलम २२ अन्वये तिच्यावर शाळा विकास आराखडा तयार करण्याची जबाबदारी टाकली. समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया, वंचित गटांतल्या मुलांच्या पालकांना प्रमाणशीर जागा अशी चांगली तरतूद आहे. आराखड्यात काय असावे हे केंद्राच्या २०१०च्या नियमांनी सांगितले: तीन वर्षांचा आराखडा, त्यात तीन वार्षिक उपआराखडे, पुढच्या वर्षांचा इयत्तावार अपेक्षित पट, जादा लागणारे शिक्षक, वर्गखोल्या व साहित्याची गरज आणि या सगळ्याला लागणारा वाढीव पैसा. मूल काय शिकले हा मुद्दा या यादीत नाही. वयानुरूप प्रवेश मिळालेल्या मुलांच्या विशेष प्रशिक्षणाचा उल्लेख येतो, तोही खर्चाच्या बाबीत. त्या वेळी देशातल्या कित्येक शाळांना खोल्या नव्हत्या, स्वच्छतागृहे नव्हती, एका शिक्षकावर चार-चार वर्ग होते, म्हणून हे समजण्यासारखे होते. पण याच कायद्याच्या कलम २४ ने शिक्षकावर टाकलेली कर्तव्ये वाचली तर गंमत दिसते. ठरलेल्या मुदतीत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करावा असे एक कर्तव्य आहे, आणि लगेच पुढचे कर्तव्य प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून त्याला गरजेप्रमाणे जादा शिकवावे असे आहे. कागदावर दोन्ही शेजारीशेजारी नांदतात. वर्गात मात्र फेब्रुवारी उजाडला की पहिले दुसऱ्याला गिळते, कारण पहिल्याची तपासणी होते आणि दुसऱ्याची होत नाही.

तपासणीचा प्रयत्न झालाच नाही असे म्हणता येणार नाही. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद ठेवायची, ही त्यातली सगळ्यांत मोलाची कल्पना होती. तिचे काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. तयार नोंदींची पुस्तके बाजारात आली, पुढे त्यांच्या पीडीएफ शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागल्या, आणि एका तालुक्यातल्या शेकडो मुलांच्या नावापुढे ‘दिलेला अभ्यास वेळेवर पूर्ण करतो’ हेच वाक्य उमटले. पाठोपाठ २२ जून २०१५च्या निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. त्याचा मूळ विचार रास्त होता: प्रत्येक मूल शिकू शकते, पायाभूत चाचणीतून कोण कुठे आहे ते पाहा आणि तिथून पुढे न्या. साताऱ्यातल्या कुमठे बीटमधल्या कामाने त्या विचाराला दाखवता येईल असे उदाहरणही दिले होते. पण हजारो शिक्षक ते पाहून परतले आणि बऱ्याच ठिकाणी गावी जे पोचले ते फरशीवर रंगवलेले तक्ते आणि अंकपट्ट्या. मूल कुठे अडले आहे ते पाहून पुढची पायरी ठरवण्याची शिक्षकाची सवय रंगाच्या डब्यातून येत नाही. शाळांच्या तपासणीत ‘फरशी रंगवली का’ हे विचारणे सोपे असते, आणि सोपे विचारले गेले की तेच केले जाते.

याहून बोलका पुरावा मध्य प्रदेशातला आहे. वार्षिक आढावा आणि सुधारणा आराखडा या संकल्पनेचीच तिथे शास्त्रशुद्ध परीक्षा झाली. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तिथल्या सुमारे पावणेदोन हजार प्राथमिक शाळांचा अभ्यास केला. काही शाळांचे सर्वंकष मूल्यांकन झाले, त्यावरून प्रत्येक शाळेसाठी स्वतंत्र सुधारणा आराखडा बनला, वरून पाठपुराव्याची व्यवस्था ठरली. उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. मूल्यांकने झाली, आराखडे बनले, ते अपलोडही झाले. शिक्षकांची उपस्थिती, शिकवण्याची पद्धत आणि मुलांचे शिकणे यांवर मात्र काहीच परिणाम दिसला नाही. संशोधकांनी शिक्षकांशी बोलून पाहिले तेव्हा बहुतेकांच्या लेखी हा भरून द्यायचा आणखी एक कागद होता. यातली चमत्कारिक बाब अशी की निष्कर्ष हाती येण्याआधीच कार्यक्रम यशस्वी ठरला होता, कारण कागद पूर्ण भरले गेले होते, आणि त्या जोरावर तो हजारो शाळांत विस्तारला. याच घराण्यातली ‘शाळासिद्धी’ ही राष्ट्रीय चौकट आपल्याकडेही आहे; तिच्यात सात क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत, शाळेने आधी स्वतःचे मूल्यांकन करायचे आणि नंतर बाहेरच्यांनी पडताळायचे. चौकटीत खोट नाही. ४६ मानकांपैकी कितीएक महत्त्वाची आहेत. पण ४६ गोष्टींवर श्रेणी द्यायला बसलेली शाळा आपल्या चौथीतल्या पाच मुलांना वजाबाकी का येत नाही या एकाच गोष्टीवर तासभर बोलेल, ही अपेक्षा मला भाबडी वाटते.

आता सरासरीकडे वळू, कारण उपक्रमांची यादी बाजूला ठेवली तरी आढाव्यात उरते ती टक्केवारी. समजा, तिसरीच्या एका वर्गाचा पट २४ आहे. जूनमध्ये आठ मुले गोष्ट वाचू शकतात, सात जण सुटे शब्द वाचतात, नऊ जण अक्षरांवर अडले आहेत. वर्षभर शिकवून झाल्यावर एप्रिलमध्ये १२ मुले गोष्ट वाचतात. आढाव्यात वाक्य येते: वाचणाऱ्या मुलांचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेले. ऐकायला छान वाटते. पण नव्याने वाचू लागलेले चौघेही शब्द वाचणाऱ्या गटातले आहेत. अक्षरांवर अडलेले नऊ जण जिथे होते तिथेच आहेत आणि आता चौथीत जातील, जिथे इतिहास-भूगोलाचे धडे स्वतः वाचायचे असतात. शेजारच्या शाळेत सुरुवात हुबेहूब तशीच होती. तिथे एप्रिलमध्ये गोष्ट वाचणारे केवळ नऊ झाले, म्हणजे साडेसदतीस टक्के. मात्र अक्षरांवरच्या नऊपैकी सात जण आता शब्द आणि सोपी वाक्ये वाचतात. शाळासमूह केंद्राच्या शिक्षण परिषदेत टाळ्या पहिल्या शाळेला पडतील. काम मात्र दुसऱ्या शाळेने अधिक अवघड केले आहे आणि पुढच्या वर्षी त्याचे फळ दिसण्याची शक्यताही तिच्याकडेच जास्त आहे. नुसत्या टक्केवारीतून या दोन शाळांतला फरक कळत नाही. नावनिशीवार यादी समोर ठेवली तर दोन मिनिटांत कळतो.

टक्केवारीचा आणखी एक खेळ छोट्या शाळांत होतो, आणि आपल्याकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा हजारोंनी आहेत. बारा मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे सव्वाआठ टक्के. एक कुटुंब गाव सोडून गेले, एक हुशार मुलगी नवोदयला लागली, की शाळेची ‘प्रगती’ किंवा ‘अधोगती’ होते. त्यात आपण गेल्या वर्षीच्या तिसरीची तुलना यंदाच्या तिसरीशी करतो, म्हणजे दोन वेगळ्याच मुलांच्या गटांची. शाळेने काय साधले ते पाहायचे तर यंदाच्या चौथीची तुलना याच मुलांच्या गेल्या वर्षीच्या तिसरीशी व्हायला हवी. इतकी साधी गोष्ट आपल्या वार्षिक आढाव्यात क्वचितच दिसते.

उंबरठ्याचा निकष लावला की मधली मुले पुढे सरकतात आणि तळातली तिथेच राहतात, हा केवळ तर्क नाही. शिकागोच्या सार्वजनिक शाळांमध्ये डेरेक नील आणि डायन शान्झेनबाख यांनी हे तपासले आहे. शाळेची पत ‘किती मुले ठरलेल्या पातळीच्या वर आहेत’ यावर ठरू लागली, तेव्हा पातळीच्या आसपासच्या मुलांचे गुण वाढले आणि तळाच्या साधारण वीस टक्के मुलांना जवळपास काहीच लाभ झाला नाही. शिक्षक दुष्ट होते म्हणून हे घडले नाही. थोडा जोर लावला की जे मूल रेषा ओलांडेल त्याच्याकडे आधी लक्ष जाणे, हा त्या निकषाचा सरळ परिणाम होता. आपल्याकडे पायाभूत वाचन-गणिताच्या ‘निपुण’ अभियानाचे लक्ष्य गाठलेल्या मुलांची टक्केवारी हाच शाळेचा निकाल झाला, तर आपल्या शिक्षकांकडून वेगळ्या वागणुकीची अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?

सरासरीत मागे पडणाऱ्यांची ही गत. काही मुले तर सरासरीत येतच नाहीत. चाचणीच्या दिवशी गैरहजर असलेले मूल निकालपत्रकात शून्य गुण घेत नाही, ते तिथे नसतेच, आणि त्याच्या नसण्याने वर्गाचा निकाल सुधारतो. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघतात आणि गाळप संपता संपता परततात. पायाभूत चाचणी देणारे मूल दुसऱ्या संकलित चाचणीला असेलच असे नाही. मधले चार-पाच महिने ते पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या फडावर असते. हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड या त्यावरच्या व्यवस्था. पण गावच्या शाळेच्या आढाव्यात त्या मुलाची ओळ कोरी असते आणि कारखान्याजवळच्या शाळेच्या आढाव्यात ते मूल पाहुणे असते. मेळघाटात कोरकू बोलणारे किंवा नंदुरबारच्या डोंगरात पावरी बोलणारे मूल हजर असते, त्याला गुणही कमी मिळतात, पण त्याला वाचता येत नाही की मराठी येत नाही हे गुणांवरून समजत नाही. दोहोंवरचा उपाय वेगळा आहे. प्रथम संस्थेची ‘असर’ पाहणी २००५पासून शाळेत न जाता घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावते. त्या पद्धतीवर कितीही आक्षेप असोत, घरी असलेले, शाळा सोडलेले, त्या दिवशी शाळेत न गेलेले मूल तिच्या जाळ्यात येते. त्या पाहणीनुसार २०१८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता; २०२२ मध्ये, करोनाकाळानंतर, हे प्रमाण ४२.८ टक्क्यांवर आले आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांवर गेले. नुकसान भरून निघाले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारे अहवाल त्यानंतर आले. भरून निघाले म्हणजे पुन्हा पाचवीतल्या निम्म्यांना दुसरीचे वाचता येत नाही, या जुन्या मुक्कामी आपण पोचलो, इतकेच.

मग आढावा कसा असावा? माझ्या डोळ्यांसमोर आहे तो प्रत्येक वर्गाचा एक कागद. त्यावर हजेरीपत्रकातले प्रत्येक नाव, स्थलांतरित आणि दीर्घकाळ गैरहजर असलेल्यांसह. नावापुढे जूनमधली वाचनाची आणि गणिताची पातळी, तीही गुणांत नको. ‘शब्द वाचतो, वाक्यात अडतो’, ‘हातच्याची वजाबाकी येत नाही’ अशी. पुढे अडण्याचे कारण जेवढे समजले असेल तेवढे: घरची भाषा वेगळी, आठवड्यातले दोन दिवस धाकट्या भावाला सांभाळते, फळा दिसत नाही. मग काय केले, आणि शेवटी एप्रिलमधली पातळी. यातला ‘कारण’ हा रकाना मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो भरायला शिक्षकाला मुलाशी बोलावे लागते आणि तयार पीडीएफमधून उचलता येत नाही. फळा न दिसणाऱ्या मुलाला जादा तासाची गरज नाही. त्याला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून चष्मा मिळवून द्यावा लागेल. वर्षाच्या शेवटी बसून शाळेने विचारायचे ते इतकेच की जूनमध्ये मागे असलेल्यांपैकी कोण सरकले, कोण नाही, आणि न सरकलेल्यांसाठी आपण जे केले ते चुकीचे होते की अपुरे.

असे लक्ष दिले तर तळातली मुले खरोखर सरकतात, याला आपल्याच मुंबईतला पुरावा आहे. २००१ ते २००३ दरम्यान मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांत प्रथमने ‘बालसखी’ कार्यक्रम चालवला. वस्तीतलीच एक शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना दिवसातले दोनेक तास वर्गाबाहेर घेऊन पायाभूत वाचन-गणित शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे मोजमाप केले. गुणांत लक्षणीय वाढ झाली आणि ती मुख्यतः तळातल्या मुलांमुळे होती. पण त्या अभ्यासातली एक बाब आपण फारशी उगाळत नाही: कार्यक्रम संपल्यानंतर एका वर्षाने पाहिले तेव्हा त्या वाढीचा मोठा भाग विरलेला होता. म्हणजे एका वर्षाचा प्रयत्न एका वर्षापुरता. वार्षिक आढाव्याचा खरा उपयोग इथे आहे. एप्रिलमधला तो कागद जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकाच्या हाती पडला पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात बदल्यांचा विषय निघतो, शिक्षक तालुका बदलतो आणि चौदा मुलांबद्दल त्याच्या डोक्यात असलेली सगळी माहिती त्याच्याबरोबर जाते. नवा शिक्षक पायाभूत चाचणी घेऊन शून्यातून सुरुवात करतो आणि दिवाळीपर्यंत त्याला तेच कळते जे आधीच्याला एप्रिलमध्ये माहीत होते. मागे पडलेल्या मुलाचे दरवर्षी अर्धे वर्ष असे वाया जाते.

यावर शिक्षकांचा पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ देते. प्रत्यक्षात ऑनलाइन लिंका, पोर्टले, सर्वेक्षणे आणि शालेय पोषण आहाराचे हिशेब यांत त्याचा जीव जातो. दोनशिक्षकी शाळेत एक जण बैठकीला गेला की दुसऱ्यापुढे चार वर्ग. केंद्रप्रमुखांची पदे वर्षानुवर्षे रिकामी. अशा माणसाला आणखी एक कागद? उत्तर असे की हा कागद वाढीव नसावा, बदली असावा. उपक्रमांचे फोटो-अहवाल, एकाच माहितीच्या तीन-तीन लिंका, आणि ज्यांच्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही त्या वर्णनात्मक नोंदी आधी बंद करा, आणि मग हा एक सुरू करा. त्या अटीशिवाय मी या सूचनेच्या बाजूने नाही. शिवाय आढावा एकतर्फी असून चालणार नाही. वर्षातले किती महिने शिक्षकाचे पद रिकामे होते, किती शाळेचे दिवस शिक्षक बाहेरच्या कामावर होते, शाळेला समग्र शिक्षामधून मिळणारे संयुक्त शाळा अनुदान कोणत्या महिन्यात हाती आले, हेही त्याच कागदाच्या पाठीवर लिहिलेले असावे. मुलाच्या प्रगतीचा जाब शाळेला विचारायचा तर शाळेला काय दिले याचा जाब विभागाने द्यायला हवा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खरे लिहिले तर शाळेचेच नुकसान होते. ‘नऊ मुले अक्षरांवर अडली आहेत’ असे जो मुख्याध्यापक लिहील त्याला नोटीस, आणि ‘सर्व मुले प्रगत’ लिहिणाऱ्याचा सत्कार, अशी व्यवस्था असेल तर सर्व मुले प्रगत होणारच. आकड्याला बक्षीस किंवा शिक्षा जोडली की तो आकडा बिघडतो, हे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७०च्या दशकातच मांडले होते. अमेरिकेत अटलांटा शहराच्या शाळांत त्याचे टोक दिसले: गुणवाढीचा दबाव इतका होता की शिक्षकांनी मुलांच्या उत्तरपत्रिका स्वतः दुरुस्त केल्या, २०११च्या चौकशीत ४४ शाळा आणि १७८ शिक्षक-मुख्याध्यापक सापडले, आणि पुढे काहींना न्यायालयाने दोषी ठरवले. मध्य प्रदेशातल्या शाळांनी नोंदवलेले गुण आणि स्वतंत्र पडताळणीत आढळलेली पातळी यांतही मोठी तफावत आढळली आहे. म्हणून या आढाव्याचे निष्कर्ष स्पर्धेत, बक्षिसात, पदोन्नतीत किंवा कारवाईत कुठेही वापरायचे नाहीत, हा नियम आढाव्याइतकाच महत्त्वाचा आहे. राज्यभर सुंदर शाळांच्या स्पर्धा अवश्य व्हाव्यात. भिंती स्वच्छ असलेल्या बऱ्याच. फक्त त्या गुणांकनात मुलांच्या वाचनाची टक्केवारी मिसळू नये. यावर कुणी म्हणेल की परिणामच नसेल तर आढावा गांभीर्याने का घेतला जाईल? मला वाटते, एक परिणाम हवाच, पण तो उलट्या दिशेचा: ज्या शाळेच्या यादीत मागे पडलेली मुले जास्त, तिला आधी माणूस मिळावा, आधी साहित्य मिळावे, केंद्रप्रमुखांचे दिवस तिच्या वाट्याला जास्त यावेत. अडचण सांगितल्याने मदत मिळते असा अनुभव दोनदा आला की तिसऱ्या वर्षी लोक खरे लिहू लागतात. मग काही शाळा मदतीसाठी आकडे फुगवतील, हा धोका उरतोच. पण मुले वाचत असताना ‘वाचत नाहीत’ असे लिहिणाऱ्या शाळेचे पितळ समितीतली कोणतीही आई पाच मिनिटांत उघडे पाडू शकते. घरी बसून मुलाला गोष्ट वाचायला लावली की झाले.

तिसरा आक्षेप पालकांचा असतो, आणि शाळांना त्याचीच धास्ती जास्त. मागच्या मुलांवर वेळ घालवलात तर पुढच्यांचे काय? शिष्यवृत्ती परीक्षेत किती मुले लागली यावर गाव शाळेची किंमत करते, आणि दोन किलोमीटरवर इंग्रजी माध्यमाची पिवळी बस उभी असते. एक तर, पायाभूत वाचनासाठी दिवसातला तासभर पातळीनुसार गट केले तर त्या तासात पुढच्या गटालाही त्याच्या जोगे काम मिळते. आजच्या सरसकट शिकवण्यात ते मूलही कंटाळलेलेच असते. दुसरे असे की शिष्यवृत्तीच्या यादीत दोन नावे झळकावी म्हणून नऊ मुलांना अक्षरांवर सोडून देणे ही निवड शाळा आज करतेच आहे, फक्त ती कुणी तोंडाने बोलत नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेने ती निवड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि कुणी विचारेल की मागे पडणाऱ्यांना नापास करण्याची सोय आता आहेच की! २०१९ मध्ये केंद्राने कलम १६ बदलले आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा व पुनर्परीक्षा आणली. पण दुसरीपासून अडलेल्या मुलाला पाचवीच्या परीक्षेने जे सांगितले ते शाळेला तीन वर्षे आधी माहीत असायला हवे होते.

केवळ वाचन-गणितावर भर दिला तर चित्र, खेळ, गाणी मागे पडतील, मुलांवर ‘ढ’चा शिक्का बसेल, हेही आक्षेप ऐकू येतात. पहिल्याचे उत्तर असे की वाचता येऊ लागलेल्या मुलाला बाकी सगळे जास्त भिडते, आणि चित्रकलेचा तास वाचनासाठी काढून घ्यावा असे इथे कुणी म्हणत नाही. दुसऱ्याबाबत काळजी घ्यावी लागेल. यादी शिक्षकाच्या कपाटात राहावी, भिंतीवर लागू नये. गट दर दीड-दोन महिन्यांनी बदलावेत. पालकाला फक्त आपल्या मुलाची ओळ दाखवावी. ही खबरदारी न घेणारी शाळा आजही प्रगतिपुस्तकातून शिक्का मारतेच.

राहिला प्रश्न हे करायला लावणार कोण याचा. नियमांनी दरमहा बैठक सांगितलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत बहुतेक सदस्य आज इतिवृत्तावर सही किंवा अंगठा यापलीकडे जात नाहीत, कारण त्यांच्यापुढे येते ते खर्चाचे प्रमाणक आणि दुरुस्तीचा ठराव. पोर शिकले की नाही हे समजायला पालकाला डी. एड. लागत नाही, शाळासिद्धीतल्या मानकावर ‘स्तर दोन’ की ‘स्तर तीन’ हे ठरवायला मात्र लागते. वर्षातली एक बैठक त्या वर्गवार कागदांसाठी, नावे झाकून, राखून ठेवली तर याच पालकांच्या हाती विचारण्यासारखे काहीतरी येईल. त्यासाठी शाळा विकास आराखड्याच्या बाबींत आणखी एक बाब वाढवावी लागेल: मागच्या वर्षी पायाभूत पातळीच्या खाली असलेल्या प्रत्येक मुलाची यंदाची स्थिती आणि पुढच्या वर्षीची तजवीज. कायद्याचे कलम ३८ नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारला देते. हे नियम अधिसूचनेने बदलतात आणि नंतर विधिमंडळापुढे ठेवले जातात. नव्या कायद्याची, नव्या निधीची किंवा दिल्लीच्या परवानगीची त्याला गरज नाही.